एका हौदात णी

“झालं का गं?” आईने विचारलं.

“नाही झालं.”

“मग मघाशी ‘हां’ म्हणालीस ते काय होतं?”

“ते मी स्वतःशी म्हणाले. आणि आई, दर घटकेला विचारू नकोस ना. झालं की सांगेन.”

आईने असा उसासा सोडला की त्यापेक्षा प्रश्न परवडला असता. बेबीने दात आवळले आणि पडद्यावरच्या लाल ओळी पुन्हा वरून खाली वाचायला घेतल्या.

बेबी हे तिचं घरातलं नाव. वय पंचेचाळिशीला टेकलं, केसांत चांदी आली, तरी आईच्या तोंडून ते नाव काही सुटलं नव्हतं. ऑफिसात तिच्या हाताखालची माणसं तिला मॅडम म्हणत आणि एखादं यंत्र संगणकाशी बोलेनासं झालं की आधी तिच्याकडे धाव घेत, कारण यंत्रांना आणि संगणकांना एकमेकांची भाषा शिकवणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा होता. म्हणूनच तर तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. लोकांची कोण कुठली यंत्रं ती रोज मार्गी लावायची, आणि इथे, आईच्या छापखान्यात, बोटाएवढ्या चिपचं एक कार्ड तिला नाचवत होतं.

छापखाना म्हणजे अंध मुलांच्या शाळेमागच्या दोन खोल्या. एका खोलीत कागदाचे गठ्ठे आणि शिलाईचं टेबल, दुसरीत संगणक आणि ब्रेल छापायचं यंत्र. हे यंत्र शाई लावत नाही. जाड कागदावर ठोके मारून ठिपके उठवतं. ते चालू झालं की भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं. आईची दृष्टी लहानपणीच तापात गेली होती. या खोलीत बसून तिने आयुष्यभर छापलेली पानं बोटांनी तपासली, आणि निवृत्त झाल्यावरही ती रोज येत होती, कारण येऊ नका असं तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

शाळेची वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि जुना संगणक मेला. बेबीच्या धाकट्या भावाने, तो याच शाळेत गणित शिकवायचा, तत्परतेने नवा आणला. नवा चांगला होता, जलद होता, फक्त त्याला ब्रेल यंत्राची जाडजूड केबल लावायला जागाच नव्हती. असली केबल आता कुणी वापरत नाही. मग दुकानदाराने त्या जागेसाठी एक जादा कार्ड आत बसवून दिलं. केबल अगदी चपखल बसली. यंत्र मात्र ढिम्म हललं नाही.

“ताई, तू एक चक्कर टाक,” धाकट्याने फोनवर सांगितलं. “तुझ्यासाठी काय, डाव्या हाताचा मळ आहे.”

तिनेही तसंच धरून एका दिवसाची रजा टाकली होती. आता ऑफिसात रजा वाढवून मागताना तिला लाज वाटत होती.

पहिल्या दिवशी दुखणं लगेच सापडलं, हेच खरं फसवं होतं. त्या कार्डाच्या कंपनीने गुपचूप आतली चिप बदलली होती. खोकं तेच, खोक्यावरचं चित्र तेच, चिप मात्र दुसरी, स्वस्तातली. संगणक तिला ओळखतच नव्हता.

तिने दुकानदाराला फोन लावला.

“मॅडम, खोक्यावर लिहिलंय की, सगळ्या सिस्टिमला चालतं,” तो म्हणाला.

“खोक्यावर लिहिलंय हो, पण आतल्या चिपला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.”

“तुम्ही एकदा बंद करून चालू करून बघा.”

तिने फोन ठेवला.

“काय म्हणाला?” आईने विचारलं.

“काही नाही. मलाच करावं लागणार. कर्नलमध्ये दोन ओळी वाढवायच्या आहेत.”

“कर्नल? तो कशाला मध्ये आला? लष्करातला?”

धाकटा खो खो हसला. बेबीने समजावून सांगितलं. कर्नल म्हणजे संगणकाचा आतला गाभा. आपण वर जे वापरतो ते सगळं त्याच्या जिवावर चालतं. कुठला भाग कुठे जोडलाय, त्याच्याशी कसं बोलायचं, हे त्यालाच ठाऊक असतं. त्याच्याकडे चिपांच्या ओळखीचा एक तक्ता असतो, आणि या नव्या चिपची ओळख त्यात नाही.

“म्हणजे पाहुणा दारात उभा आहे आणि साहेब म्हणतात, मी याला ओळखत नाही,” आई म्हणाली.

“अगदी तसंच.”

“मग ओळख करून दे आणि मोकळी हो.”

करून द्यायची म्हटली आणि तिथून सगळं बिनसत गेलं. तेवढाच तुकडा बांधून चालत्या कर्नलला जोडावा, असा तिचा सोपा बेत होता. कर्नलने तो तुकडा घेतला नाही. माझी बांधणी वेगळी, तुझी वेगळी, अशा अर्थाचं एक वाक्य तोंडावर फेकून तो गप्प झाला. संगणकावरची ही प्रणाली खास दृष्टिहीन माणसांसाठी कुणा हौशी मंडळींनी तयार केलेली. त्यांनी गाभा एका तारखेचा दिला होता आणि त्याची मापं, म्हणजे नवा तुकडा जोडायला लागणारा आराखडा, दुसऱ्याच तारखेची. आता दोन ओळींसाठी अख्खा कर्नल मुळापासून बांधणं आलं. भिंतीत एक खिळा ठोकायला घर पाडून पुन्हा उभारावं, त्यातली गत.

तिने बांधकाम सुरू केलं. पंखा घोंघावू लागला, पडद्यावरून ओळी धावू लागल्या. दुपारच्या जेवणापर्यंत सगळं सुरळीत होतं. ती हात धुऊन आली तर काम थांबलेलं, आणि खाली लिहिलेलं, की जागा संपली. धाकट्याने शाळेच्या स्नेहसंमेलनांची सगळी ध्वनिमुद्रणं या नव्या संगणकात आणून भरली होती.

“नवा आहे, मोठा आहे, म्हणून ठेवली,” तो म्हणाला. “पुसू नकोस हं ताई. त्यात मुलांची गाणी आहेत.”

“नाही पुसत. उचल आणि दुसरीकडे ने. आत्ता.”

“आत्ता कुठे नेऊ? तास आहे माझा.”

तो तासाला गेला. ती गाणी हलवत बसली. जागा झाली तेव्हा बांधकाम दुसऱ्याच ठिकाणी अडलं. एक छोटं साधन नव्हतं, ते मिळवलं. मग बांधलेल्या कर्नलवर खात्रीची सही करायची किल्ली, म्हणजे एक गुप्त फाइल, नव्हती. ती मुळात त्या हौशी मंडळींच्या संगणकावरच असणार, इथे कुठून येणार? तो भाग तिने बंद केला. दर वेळी अडणं तेच, कारण मात्र नवं, आणि दर वेळी पंखा पहिल्यापासून घोंघावायचा. आई शेजारी बसून पानं तपासत होती. तिची बोटं ओळीवरून सरसर पुढे जात, मध्येच थबकत, मागे येत, आणि मग ती त्या जागी टाचणी खुपसून पान बाजूला ठेवत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल बांधून झाला. तो सुरू करायला गेली तर संगणकाने दारातच अडवलं. ओळखीची सही नसलेला कर्नल आपण चालू देत नाही, असं त्याचं म्हणणं. ती पहारेदारी बंद करता येते, पण त्याला पासवर्ड. पुन्हा दुकानदार.

“कुठला पासवर्ड मॅडम? आम्ही टाकत नाही.”

“मग मी टाकला का?”

“थांबा हां. आमच्याकडे एक जण होते, ते टाकायचे सगळ्यांना. ते आता नाहीत.”

“देवाघरी गेले?”

“नाही नाही, दुसऱ्या दुकानात.”

त्या दुसऱ्या दुकानातल्या गृहस्थांनी फोन उचलला नाही. शेवटी बेबीने संगणक उघडला, आतली बटणाएवढी बॅटरी काढली, आणि तो सगळं विसरेपर्यंत हाताची घडी घालून बसली. विसरला. पहारेदार हटला. कर्नल उठला. पडद्यावर सगळं जागच्या जागी आलं, आणि चिपांच्या यादीत ते कार्ड आपल्या नावानिशी हजर होतं.

“आई! झालं!” तिच्या तोंडून लहान मुलीसारखं निघालं. “चालू झाला बघ.”

आई उठून संगणकापुढे येऊन बसली. तिने कळांवर बोटं ठेवली. एक कळ दाबली, मग दुसरी. मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली.

“कुठे चालू झालाय?” ती म्हणाली. “मला तर बंदच आहे.”

तेव्हा बेबीच्या ध्यानात आलं. एरवी हा संगणक बोलायचा. कुठली कळ दाबली, पडद्यावर काय आहे, सगळं तो वाचून दाखवायचा. आई आणि इथली निम्मी माणसं त्या आवाजावरच काम करायची. बांधकाम लवकर उरकावं म्हणून बेबीने, सध्या वापरात नाहीत ते सगळे भाग गाळून टाकले होते. त्या वेळी स्पीकरची वायर तिनेच काढून ठेवलेली होती, तो सारखा बोलून डोकं उठवतो म्हणून. कर्नलला वाटलं, या घरात आवाजाचं काही काम नाही. त्याने आवाजच गाळला.

“मुका करून ठेवलास त्याला,” आई म्हणाली. रागाने नाही म्हणाली. पण बेबीला ते जास्तच लागलं. पडदा उजळलेला पाहून आपण “चालू झाला” म्हणालो, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्या लेखी तो काळा दगड होता, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं या बाईच्या हाताखाली वाढून!

“पुन्हा बांधते,” ती म्हणाली.

“बांध. मी आहे इथेच.”

पुन्हा पंखा, पुन्हा ओळी. या वेळी तिने काहीच गाळलं नाही, त्यामुळे वेळ लागायचा तेवढा लागला. मधल्या सुटीत धाकटा आला आणि खुर्ची ओढून बसला.

“मी काय म्हणतो ताई, नवीन अपडेट मारून बघितलंस का? कधीकधी त्यानेच सुटतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली.

“नाही, आपलं सुचवलं.”

“तू सुचवू नकोस. तू फक्त या संगणकाला हात लावू नकोस. त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस.”

“आई, ही बघ कशी बोलते.”

“बरोबर बोलते ती,” आई म्हणाली आणि लगेच बेबीकडे वळून, “पण तो संगणक त्यानेच धावपळ करून आणलाय, तेही विसरू नकोस.”

या घरात न्याय नेहमी असाच व्हायचा. दोघांनाही सारखाच लागायचा.

शेवटी कर्नल उठला आणि बोललाही. सुरुवातीचं स्वागताचं वाक्य त्याने आपल्या त्या सपाट, नाकातल्या आवाजात म्हटलं तेव्हा आईचा चेहरा खुलला. “आले कर्नलसाहेब,” ती म्हणाली. बेबीने गणिताची प्रश्नपत्रिका छापायला धाडली. यंत्र खडाडलं, घड्याळ थरथरलं, कागद पुढे सरकला. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. आईने पान हातात घेतलं, अंगठ्याने कडा चाचपली आणि वाचायला सुरुवात केली.

“अंकगणित. प्रश्न पहिला. एका हौदात णी भरायला दोन नळ आहेत.”

“काय?”

“णी.”

“पाणी असेल.”

“मी काय असेल ते वाचत नाही, आहे ते वाचते. णी. पुढे ऐक. पहिला ळ तो हौद तीन तासांत भरतो, तर सरा नळ चार तासांत भरतो.” आईने पान खाली ठेवलं. “बेबी, मुलांनी उत्तर काय लिहायचं?”

धाकट्याला हसू आवरेना. बेबीला रडू आवरेना. तिने पुन्हा छापलं. या वेळी ‘पाणी’मधलं ‘णी’सुद्धा गेलं आणि ‘दुसरा’चा नुसता ‘रा’ उरला. तिने पान उजेडाला धरून ठिपके मोजून पाहिले, पण तिला ब्रेल जेमतेम, अडखळत यायचं, आणि आईची बोटं दोन प्रश्न संपवायची तोवर तिचं एक वाक्य व्हायचं. मग तिने मूळ मजकूर पडद्यावर उघडला आणि आईला छापलेलं पान मोठ्याने वाचायला सांगितलं. लहानपणी बेबी छापील पुस्तकातून मोठ्याने वाचायची आणि आई ब्रेलवर पडताळायची. आता आई वाचत होती आणि लेक पडताळत होती. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पहिली ओळ नेहमी बरोबर. त्यापुढच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं एखाददुसरं अक्षर गायब.

“म्हणजे ओळ संपली की हे यंत्र पुढच्या ओळीवर यायला वेळ लावतंय,” ती म्हणाली. “आतला दट्ट्या झिजलाय. अडकतोय कुठेतरी.”

“जुन्या संगणकावर कधी अडकला नव्हता,” आई म्हणाली.

“झीज काय एका दिवसात सांगून होते का?”

धाकट्याला यंत्र उघडायला लावलं. त्याने बाह्या सरसावून आतला कचरा झाडला, तेल घातलं, दट्ट्या मागेपुढे करून पाहिला. हात काळे झाले, शर्टाला डाग पडला, आणि छापल्यावर हौदात पुन्हा णीच भरू लागलं. तेव्हा मात्र बेबीचा तोल गेला.

“टाकून द्या हे धूड! किती वर्षं सांगतेय मी. नवं यंत्र घ्या, साधी वायर लावा, दोन मिनिटांत काम. पण नाही. तुझा हट्ट, आई! तुझ्या एका हट्टापायी मी इथे येऊन कर्नल बांधत बसलेय, माझं ऑफिस तिकडे खोळंबलंय, आणि तू मला ‘झालं का, झालं का’ विचारतेस!”

धाकटा काळे हात तसेच धरून उभा राहिला.

आईने शिलाईच्या टेबलाखालून दोन पानं काढली आणि लेकीपुढे धरली. “बोट फिरव,” ती म्हणाली.

“आई, आत्ता नको.”

“फिरव.”

बेबीने फिरवलं. दोन्हींवर ठिपके.

“आता तीच ओळ पुन्हा. जरा दाबून. पुन्हा.”

तिसऱ्या वेळी एका पानावरचे ठिपके बोटाखाली बसल्यासारखे वाटले. दुसऱ्यावरचे तसेच टणक होते.

“ते बसलेत ते नव्या यंत्राचे. शाळेने मागवून पाहिलं होतं, मी नको म्हणायच्या आधी वापरून पाहिलं होतं. परीक्षेत मूल घाबरलेलं असतं. एकच प्रश्न चार चार वेळा वाचतं. बोटाला घाम असतो. चौथ्यांदा त्याच्या बोटाखाली काही लागलं नाही, तर त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. मी पाहिलीयत अशी मुलं. म्हणून माझा हट्ट.” तिने पानं परत घेतली. “आणि तुला घरी जायचं असेल तर जा. मुलांना प्रश्न मी तोंडाने सांगेन. पूर्वी तसंच करायचो.”

बेबी बाहेर पडली. मैदानाच्या कडेला दोरी बांधलेली होती आणि मुलं दोरीला हात लावून पळत होती, एकमेकांवर आदळत होती, हसत होती. ती पायरीवर बसली. रागाचा भर ओसरल्यावर एक साधा प्रश्न तिच्या मनात आला, जो ऑफिसात कुणी तक्रार आणली तर ती सगळ्यात आधी विचारते. यंत्राला दोषी धरायच्या आधी तू यंत्राला एकट्याला तपासलंस का? नव्हतं तपासलं. ती आईवर चिडलेली होती, म्हणून आईच्या यंत्रावर संशय घेणं तिला सोयीचं पडलं होतं.

आत जाऊन तिने कर्नलची नेहमीची वाट सोडली आणि एक छोटा प्रोग्राम लिहून यंत्राकडे एकेक अक्षर स्वतः सोडलं. एक अक्षर, मग यंत्र ‘दे’ म्हणेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. यंत्र नेहमीपेक्षा हळू खडखडलं. पान आईच्या हातात गेलं.

“एका हौदात पाणी भरायला दोन नळ आहेत,” आईने वाचलं. “पहिला नळ तो हौद तीन तासांत भरतो, तर दुसरा नळ चार तासांत भरतो.” तिने टाचणी न खुपसता पान बाजूला ठेवलं, आणि ते बेबीला फार जड गेलं.

म्हणजे यंत्र धडधाकट होतं. आता उरल्या होत्या त्या फक्त दोन ओळी, तिने स्वतः लिहिलेल्या. तिने त्या उघडल्या. नवी चिप जुन्या चिपसारखीच असणार, असं धरून तिने तक्त्यातली शेजारची ओळ उचलली होती आणि फक्त नाव बदललं होतं. त्या ओळीतला एक आकडा कर्नलला सांगायचा, की या चिपमध्ये अक्षरांना रांगेत थांबवायला एक लहानशी ओसरी आहे. यंत्र ‘थांब’ म्हणालं तर अक्षरं तिथे ठेव. महागड्या चिपमध्ये ती ओसरी खरोखर होती. या स्वस्त चिपमध्ये दार तेवढं होतं, आत जागाच नव्हती. ओळ बदलताना यंत्र ‘थांब’ म्हणायचं, कर्नल विश्वासाने अक्षर त्या दारातून आत ढकलायचा, आणि ते नाहीसं व्हायचं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस दुकानदाराला, भावाला, त्या हौशी मंडळींना, आईला आणि आईच्या यंत्राला बोल लावून झाले होते. अक्षरं मात्र तिचाच आकडा खात होता. तिने तो बदलला. ओसरी नाही, असं कर्नलला सरळ सांगितलं.

“आई,” ती म्हणाली, “माझं चुकलं. शेजारची ओळ न वाचता उतरवली मी.”

“उतरवताना माणूस वाचत नाही,” आई म्हणाली. “तसल्या चुका मला रोज सापडतात. चहा ठेवायला सांगू का?”

“सांग. आणि ते मघाचं...”

“ते मी ऐकलंच नाही,” आई म्हणाली. हे धादांत खोटं होतं, पण ती दुसरं पान तपासायला वळलीसुद्धा होती.

या वेळी बांधकाम एका झटक्यात पार पडलं. दुपारभर यंत्र खडाडत राहिलं आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे शिलाईच्या टेबलावर चढत गेले. आईने गणिताची प्रत अखेरपर्यंत तपासली आणि कुठेच टाचणी खुपसली नाही. धाकटा गठ्ठे उचलून नेताना म्हणाला, “ताई, आता अपडेट मारू का?” आणि तिने हातातला कागदाचा बोळा त्याला नेमका कानाला मारला.

पण त्याच्या थट्टेत खरी अडचण होती. अपडेट आलं की तिचा कर्नल जाणार आणि तिच्या दोन ओळी त्याच्याबरोबर जाणार. कायमचा उपाय एकच. तो बदल ज्यांच्याकडे मूळ कर्नल असतो त्या मंडळींकडे पाठवायचा. ऑफिसच्या कामात तिने हे केलेलं होतं, त्यामुळे काय वाढून ठेवलंय ते तिला माहीत होतं. तिने नीट पत्र लिहिलं, बदल जोडला, पाठवला. परीक्षा चालू असतानाच उत्तर आलं, कुणा अनोळखी गृहस्थाचं, नमस्कार नाही, आभार नाहीत. दुसऱ्या ओळीची सुरुवात एका जागेने सरकली आहे. हा आकडा असा का, ते लिहिलेलं नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवा.

तिने ते फोनवर आईला वाचून दाखवलं. “एक मोकळी जागा, आई! एक! कर्नल चालतोय, मुलं परीक्षा देतायत, आणि हा माणूस मला जागा मोजायला सांगतोय. मी फुकट काम करतेय त्याचं!”

पलीकडे आई हसायला लागली. बराच वेळ हसत राहिली, इतकी की तिला खोकला आला.

“काय झालं हसायला?”

“काही नाही. बरोबर आहे त्या माणसाचं. मीसुद्धा परत पाठवलं असतं.”

“तू तर पाठवलंच असतंस.”

“मग पाठव की दुरुस्त करून. आणि कारण लिही. तुला कळलं ते पुढच्याला कसं कळणार?”

तिने जागा दुरुस्त केली. ओसरीची सगळी हकिकत चार वाक्यांत लिहिली. गृहस्थांनी आणखी एक खोड काढली, तीही तिने दात-ओठ खात काढून टाकली. मग काही दिवस काहीच कळलं नाही, आणि एका सकाळी एका ओळीचं उत्तर आलं, की घेतलं. बदलाखाली तिचं नाव आणि ई-मेलचा पत्ता आपोआप लागला.

पुढे दोनेक महिन्यांनी तिला एक पत्र आलं. दूरच्या कुठल्याशा गावात एक जण लाकडावर नक्षी कोरायचं जुनं यंत्र चालवत होता. अपडेट केल्याबरोबर त्याचं बंद पडलेलं कार्ड जागं झालं, आणि आभार कुणाचे मानायचे हे शोधता शोधता तिचं नाव सापडलं, असं त्याने लिहिलं होतं. तिने ते ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. माझंही कार्ड तुमच्यासारखंच आहे, खोकं अगदी तेच, पण चालत नाही, तुम्ही काय बिघडवून ठेवलंय? मग तिसरं, त्याच माणसाचं, त्यात नुसता खोक्याचा एक फोटो, तोही हललेला.

“म्हणजे आता जगातली सगळी कार्डं माझ्या गळ्यात,” तिने रविवारी आईकडे जेवताना सांगितलं. “कंपनीने पुन्हा चिप बदललेली दिसतेय, तिसरी. खोकं तेच.”

“मग त्या माणसाला काय कळवलंस?”

“काय कळवणार? अजून काहीच नाही.”

“बिचारा अडला असेल,” आई म्हणाली. “भाजी घे अजून.”

बेबीने भाजी घेतली. मग डाव्या हाताने फोन ओढला, आणि पुटपुटत, एका बोटाने, त्या उद्धट माणसाला लिहायला घेतलं, की बाबा रे, खोक्याचं चित्र नको, आतल्या चिपवरचा नंबर पाठव, आणि फोटो काढताना हात हलवू नकोस.